जेम्स स्मिथर ॲबरक्रॉम्बी

जेम्स स्मिथर ॲबरक्रॉम्बी (७ जुलै, १८९१ – ७ जानेवारी, १९७५) हे अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील तेलउत्पादक, उद्योजक आणि दानशूर गृहस्थ होते. तेलविहिरीच्या तोंडावर बसवल्या जाणाऱ्या उद्रेकरोधक यंत्राचे ते सहजनक मानले जातात. या यंत्राला तेलक्षेत्रात ब्लोआउट प्रिव्हेंटर किंवा नुसते बीओपी म्हणतात. यंत्रकारागीर हॅरी कॅमेरॉन यांच्यासह त्यांनी १९२२ मध्ये या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९२६ मध्ये ते त्यांना मिळाले. विहिरीतील तेल आणि वायू अनावर होऊन उसळले, तर विहिरीचे तोंड काही क्षणांत बंद करणे हे या यंत्राचे काम आहे. मुंबई हायसह जगातील बहुतेक तेलक्षेत्रांत आज वापरली जाणारी यंत्रे याच कल्पनेवर उभी आहेत. ह्यूस्टन येथील टेक्सास बालरुग्णालयाच्या स्थापनेतही ॲबरक्रॉम्बी यांचा मोठा वाटा होता.

बालपण आणि तेलक्षेत्रातील प्रवेश

ॲबरक्रॉम्बी यांचा जन्म टेक्सासमधील हंट्सव्हिल या गावी एका मोठ्या कुटुंबात झाला. घरची परिस्थिती बेताची असल्याने त्यांना लहान वयातच काम करावे लागले. उच्च शिक्षण किंवा अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. पुढे कुटुंब ह्यूस्टन परिसरात आले. तेथे त्यांनी काही काळ दुग्धव्यवसायात काम केले.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत टेक्सासच्या किनारपट्टीवर तेलाच्या शोधाने मोठी गती घेतली होती. ह्यूस्टनजवळच्या गूज क्रीक तेलक्षेत्रात तरुण ॲबरक्रॉम्बी हरकाम्या मजूर म्हणून रुजू झाले. नळ्या उचलणे, चिखल कालवणे, बाष्पित्र पेटते ठेवणे अशी अंगमेहनतीची कामे करीत ते वेधनाचे तंत्र शिकले. काही वर्षांतच ते स्वतःची वेधनसामग्री बाळगणारे कंत्राटदार झाले. विहिरीचा आवाज, परत येणाऱ्या चिखलाचा रंग आणि नळीची थरथर यांवरून खाली काय चालले आहे, हे ताडण्याची दृष्टी त्यांना या उमेदवारीतून आली. त्यांच्या पुढील शोधाचे मूळ या अनुभवात आहे.

पार्श्वभूमी : विहीर अनावर का होते?

मराठवाड्यासारख्या बेसाल्ट खडकाच्या प्रदेशात विहीर किंवा बोअर म्हटले की पाणी वर खेचावे लागते, हाच अनुभव असतो. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे अभ्यासासाठी ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. तेथे सुमारे ३३८ मीटर जाडीचा बेसाल्ट भेदल्यावर थोडा गाळाचा थर आणि त्याखाली ग्रॅनाइटसदृश पायाखडक लागला. तेलक्षेत्रातील भूरचना याहून अगदी वेगळी असते. तेथे हजारो मीटर जाडीच्या गाळाच्या खडकांत, अभेद्य थरांखाली तेल, वायू आणि खारे पाणी प्रचंड दाबाखाली कोंडलेले असते. छिद्र त्या थरापर्यंत पोहोचले की कोंडलेल्या द्रवाला वर येण्यास वाट मिळते. म्हणून तेलविहिरीत द्रव वर खेचण्याआधी त्याला आवरून धरण्याचा प्रश्न सोडवावा लागतो.

हे आवरण्याचे पहिले साधन म्हणजे वेधनासाठी वापरला जाणारा दाट चिखल. तेलक्षेत्रात त्याला मड म्हणतात. हा चिखल पोकळ वेधननळीतून खाली सोडतात. तो छेदकाच्या तोंडातून बाहेर पडतो आणि खडकाचा चुरा घेऊन नळीच्या बाहेरील पोकळीतून वर येतो. चुरा वाहून आणण्याबरोबरच तो स्वतःच्या वजनाने खालच्या थरांना दाबून धरतो. पाण्याचा १० मीटर उंचीचा स्तंभ साधारण एक वातावरण इतका दाब देतो. त्यामुळे पाण्याच्या १.२ पट जड चिखल भरलेल्या २००० मीटर खोल विहिरीच्या तळाशी सुमारे २४० वातावरणांचा दाब असतो. थरातील द्रवाचा दाब याहून कमी असेल, तर विहीर शांत राहते. तो अधिक असेल किंवा कोणत्याही कारणाने चिखलाचा स्तंभ खाली गेला, तर थरातील वायू विहिरीत शिरू लागतो. वर येताना दाब कमी होत जातो आणि त्या प्रमाणात वायू प्रसरण पावतो. तो आणखी चिखल बाहेर ढकलतो, स्तंभ आणखी हलका होतो आणि शेवटी विहीर अनावर होते. याला उद्रेक म्हणतात.

१० जानेवारी, १९०१ रोजी टेक्सासमधील बोमॉंट गावाजवळच्या स्पिंडलटॉप टेकडीवर असाच एक प्रसिद्ध उद्रेक झाला. तेलाचे कारंजे मनोऱ्याच्याही वर उसळले आणि विहीर ताब्यात येण्यास नऊ दिवस लागले. त्या काळी असे कारंजे हे भाग्याचे लक्षण समजले जाई. वर्तमानपत्रे त्याची छायाचित्रे छापत आणि भांडवलदार ते पाहून पैसा गुंतवीत. मात्र मनोऱ्यावर काम करणाऱ्या मजुरांच्या दृष्टीने हा क्षण मृत्यूचा असे. विहिरीतून उडालेला दगड पोलादी नळीवर आपटून उडालेली एक ठिणगीही सारे जाळून टाकण्यास पुरेशी होई. तेलाची नासाडी होई, आसपासची जमीन निकामी होई आणि थरातील नैसर्गिक दाब वाया गेल्याने पुढील उत्पादनही घटत असे.

कॅमेरॉन आयर्न वर्क्स

हॅरी कॅमेरॉन हे तेलक्षेत्रातील अवजारे दुरुस्त करणारे कुशल यंत्रकारागीर होते. ॲबरक्रॉम्बी यांची वेधनसामग्री मोडली की ती दुरुस्तीसाठी त्यांच्याकडे जात असे. या व्यवहारातून दोघांचा स्नेह जमला आणि १९२० मध्ये त्यांनी कॅमेरॉन आयर्न वर्क्स ही कंपनी स्थापन केली. सुरुवातीचे भांडवल म्हणजे थोडे लेथ, भोके पाडण्याची यंत्रे, हातहत्यारे आणि मोजके कामगार एवढेच होते. विहिरीवर काय बिघडते, हे ॲबरक्रॉम्बी यांना ठाऊक होते. लोखंडातून काय घडवता येते, हे कॅमेरॉन यांना ठाऊक होते.

उद्रेकरोधकाचा शोध

उद्रेक रोखण्याची काही साधने त्यापूर्वीही होती. मात्र काहींसाठी आधी वेधननळी विहिरीतून बाहेर काढावी लागे, काही जास्त दाब सोसू शकत नसत, तर काही बसवण्यात फार वेळ जाई. उद्रेकाच्या वेळी हाती काही क्षणच असतात. त्यामुळे ही साधने बहुधा निरुपयोगी ठरत. एका विहिरीवरील उद्रेकातून ॲबरक्रॉम्बी स्वतः थोडक्यात बचावले. त्यानंतर ते नवी कल्पना घेऊन कॅमेरॉन यांच्या कारखान्यात गेले आणि जमिनीवर पसरलेल्या लाकडाच्या भुशात त्यांनी यंत्राची आकृती काढून दाखवली, अशी हकिगत सांगितली जाते.

कल्पना साधी होती. उसळत्या विहिरीवर वरून झाकण दाबणे जवळजवळ अशक्य असते. ८ इंच व्यासाच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस इंच भरते. दर चौरस इंचाला ३००० पौंड दाब असेल, तर झाकणावर खालून सुमारे दीड लाख पौंड, म्हणजे जवळजवळ ६८ टन इतका जोर येतो. मनुष्यबळाने त्याला तोंड देता येत नाही. म्हणून ॲबरक्रॉम्बी यांनी विहिरीचे तोंड बाजूंनी मिटवण्याचे ठरवले. एका जाड पोलादी पेटीतून विहिरीचे छिद्र उभे वर जाते. त्याच्या दोन बाजूंना, समोरासमोर, दोन भक्कम ठोकळे आडव्या पोकळीत बसवलेले असतात. त्यांना रॅम म्हणतात. बाहेरील स्क्रू फिरवला की दोन्ही ठोकळे एकमेकांकडे सरकतात. त्यांच्या समोरील कडांना वेधननळीच्या गोलाईची खाच आणि दाबाने घट्ट बसणारे वेष्टन असते. त्यामुळे नळी विहिरीत असतानाच ते तिला दोन्ही बाजूंनी कवटाळतात आणि नळीभोवतीची पोकळी बंद होते.

या रचनेत खालून येणारा मुख्य जोर पेटीच्या पोलादी भिंती सोसतात. चाक फिरवणाऱ्या माणसाला ठोकळे आडवे सरकवण्याइतकाच जोर लावावा लागतो. स्क्रूला लांब दांडे जोडता येत असल्याने मनोऱ्यापासून दूर उभे राहूनही यंत्र बंद करता येई. ज्यांच्या जिवाचा प्रश्न होता, त्यांना धोक्याच्या जागेपासून दूर नेण्याचा विचार यंत्राच्या रचनेतच होता.

१४ एप्रिल, १९२२ रोजी पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. पेटंट क्रमांक १५,६९,२४७ हा १२ जानेवारी, १९२६ रोजी मंजूर झाला. दरम्यान पहिली यंत्रे तयार होऊन तेलक्षेत्रात वापरली जाऊ लागली होती. दर चौरस इंचाला ३००० पौंडांपर्यंतचा दाब ती रोखू शकत आणि त्या काळी ही क्षमता असाधारण होती. १९२८ मध्ये हॅरी कॅमेरॉन यांचे निधन झाले. ॲबरक्रॉम्बी यांनी कंपनीचा कारभार पुढे चालवला आणि तिचे नाव मात्र भागीदाराचेच ठेवले.

विहीरमुखावर यंत्राची जोडणी

उद्रेकरोधकाची ताकद त्याच्या जोडणीवर अवलंबून असते. यंत्र कितीही मजबूत असले, तरी ते ज्या नळीवर उभे आहे ती नळी किंवा मधला सांधा कच्चा असेल, तर वायू तेथून वाट काढतो. म्हणून ॲबरक्रॉम्बी यांच्या शोधाबरोबरच विहीरमुखाची रचनाही प्रगत होत गेली.

प्रथम रुंद व्यासाचे छिद्र घेऊन त्यात पोलादी आवरणनळी उतरवतात. नळी आणि खडक यांमधील पोकळीत सिमेंटचा रगडा भरतात. तो घट्ट झाल्यावर नळी जमिनीशी एकजीव होते. या नळीच्या वरच्या टोकाला केसिंग हेड नावाचा जाड पोलादी भाग आट्यांनी किंवा वेल्डिंगने बसवतात. हाच विहीरमुखाचा पाया होय. त्याच्या वरच्या काठावर फ्लॅंज, म्हणजे बोल्टसाठी भोके असलेली रुंद, जाड कड असते. फ्लॅंजच्या पृष्ठभागावर एक वर्तुळाकार खाच कोरलेली असते आणि तीत धातूची रिंग बसवतात. ही रिंग फ्लॅंजच्या धातूपेक्षा मऊ असते.

उद्रेकरोधकाच्या तळाशीही तशीच फ्लॅंज आणि खाच असते. यंत्र उचलून अलगद खाली टेकवतात, दोन्ही फ्लॅंजमधून बोल्ट घालतात आणि नट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे करून आवळतात. एका बाजूचे नट आधी पूर्ण आवळले, तर रिंग तिरकी दबते आणि दुसऱ्या बाजूला बारीक फट राहते. नट एकसारखे आवळले की मऊ रिंग खाचेत चेपून बसते आणि धातूवर धातू असा घट्ट सांधा तयार होतो. एकदा दबलेली रिंग पुन्हा वापरायची नाही, हा या कामाचा नेम आहे. सांधा उघडला की नवी रिंग घालतात. खाचेतील ओरखडा किंवा चिकटलेला चिखलही गळतीस कारण होऊ शकतो. म्हणून बसवण्यापूर्वी खाच पुसून, हाताने चाचपून पाहतात.

आजच्या विहिरीवर एक यंत्र नसून यंत्रांची चळत असते. सर्वांत वर बहुधा वलयाकृती उद्रेकरोधक असतो. त्यातील रबराचे जाड वलय आवळले जाऊन कोणत्याही जाडीच्या नळीभोवती बसते. हा प्रकार ग्रॅनव्हिल स्लोन नॉक्स यांनी शोधला आणि त्याचे पेटंट १९५२ मध्ये मिळाले. त्याखाली ॲबरक्रॉम्बी यांच्या पद्धतीचे रॅम असतात. एक जोडी नळीभोवती बंद होते, दुसरी मोकळे छिद्र बंद करते आणि तिसरी प्रसंगी नळीच कापून छिद्र मिटवते. चळतीच्या बाजूंना दोन नळमार्ग जोडलेले असतात. एकातून जड चिखल विहिरीत सोडता येतो. दुसऱ्यातून कोंडलेला वायू नियंत्रक झडपेमार्फत हळूहळू बाहेर काढता येतो.

पूर्वीच्या हातचाकांची जागा आता द्रवदाबाने घेतली आहे. नायट्रोजन वायूच्या साहाय्याने दाबून ठेवलेले द्रव पोलादी टाक्यांत साठवलेले असते. त्यामुळे इंजिने बंद पडली, तरी रॅम बंद होऊ शकतात. यंत्र चालवण्याची एक कळ वेधनकाराजवळ आणि दुसरी मनोऱ्यापासून दूर सुरक्षित जागी असते. यंत्र बसवल्यावर त्याची आधी कमी आणि मग जास्त दाबाने चाचणी घेतात. काही गळत्या जास्त दाबाखाली वेष्टन चेपल्यामुळे दडून राहतात आणि कमी दाबावरच उघडकीस येतात, म्हणून दोन्ही चाचण्या आवश्यक असतात. कोणताही सांधा उघडला की, तसेच ठरावीक दिवसांनी, ही चाचणी पुन्हा करतात.

विहीर खोल होत जाते, तसतशा कमी व्यासाच्या आवरणनळ्या आत बसवाव्या लागतात. प्रत्येक वेळी उद्रेकरोधक उतरवून विहीरमुखावर नवा भाग चढवावा लागतो आणि यंत्र पुन्हा जोडावे लागते. यंत्र खाली उतरवलेले असताना विहीर फक्त चिखल आणि सिमेंट यांच्या भरवशावर असते. म्हणून सिमेंट पक्के झाल्याची आणि विहीर शांत असल्याची खात्री झाल्याशिवाय सांधा सोडू नये, असा नियम आहे. वेधन पूर्ण झाल्यावर उद्रेकरोधक काढून त्या जागी उत्पादनाच्या झडपांची रचना बसवतात. तिच्या फांद्यांसारख्या आकारामुळे तिला ख्रिसमस ट्री असे नाव पडले आहे.

कॉनरोची दुर्घटना

उद्रेकरोधकाच्या मर्यादेचा अनुभव खुद्द ॲबरक्रॉम्बी यांनाही आला. डॅन हॅरिसन यांच्यासह त्यांनी तेलउत्पादनात भागीदारी केली होती. १९३३ च्या प्रारंभी ह्यूस्टनच्या उत्तरेकडील कॉनरो तेलक्षेत्रात या भागीदारीची एक विहीर अनावर झाली. भोवतालची जमीन खचून मोठा खड्डा तयार झाला आणि वेधनाची सामग्री त्यात गडप झाली. तेल आणि वायू खड्ड्यातून उफाळत राहिले. संपूर्ण क्षेत्राचा दाब घटून शेजारच्या विहिरींचेही नुकसान होण्याचा धोका निर्माण झाला.

अशा वेळी वरून बंद करण्यासारखे काही उरत नाही. आवरणनळीच्या बाहेरून, सिमेंट आणि खडक यांमधून वायूला वाट मिळाली, तर मुखावरचे यंत्र त्याला रोखू शकत नाही. उलट वरचे तोंड बंद केल्याने दाब बाजूंनी जमीन फोडू शकतो. अखेर जॉन ईस्टमन यांनी काही अंतरावरून तिरकी विहीर खोदली. तिच्यातून अनावर विहिरीच्या तळाजवळ पाणी सोडण्यात आले आणि १९३४ च्या जानेवारीत विहीर ताब्यात आली. दिशा नियंत्रित करून तिरके वेधन करण्याच्या तंत्राला या घटनेमुळे मोठी मान्यता मिळाली. विहिरीची सुरक्षितता योग्य वजनाचा चिखल, पक्के सिमेंट, मजबूत आवरणनळी आणि मुखावरचे यंत्र अशा चार गोष्टींवर उभी असते. त्यांपैकी एक कच्ची राहिली, तर इतरांवर सारा भार येतो.

पुढील उद्योग

१९३४ मध्ये हॅरिसन आणि ॲबरक्रॉम्बी यांच्या भागीदारीने टेक्सासच्या ब्राझोरिया परगण्यात ओल्ड ओशन हे मोठे तेल आणि वायूक्षेत्र शोधले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या क्षेत्राजवळ स्वीनी येथे विमानांच्या उच्च प्रतीच्या इंधनाचा कारखाना उभा राहिला. याच काळात कॅमेरॉन आयर्न वर्क्सने अमेरिकी नौदलासाठी पाणबुडीविरोधी शस्त्रांची सामग्री तयार केली. युद्धानंतर कंपनी पुन्हा तेलक्षेत्राच्या सामग्रीकडे वळली आणि झडपा, विहीरमुखाचे भाग व उद्रेकरोधक यांच्या निर्मितीत जगातील अग्रगण्य कंपन्यांत तिची गणना होऊ लागली.

दानकार्य

ॲबरक्रॉम्बी यांच्या पत्नीचे नाव लिलियन. त्यांना जोसेफिन ही एकच कन्या होती. घोड्यांची आवड असलेल्या या कुटुंबाने ह्यूस्टनमध्ये पिन ओक अश्वप्रदर्शन भरवले. त्याचे उत्पन्न मुलांच्या रुग्णालयासाठी देण्यात आले. लिओपोल्ड मेयर आणि काही बालरोगतज्ज्ञ यांच्या प्रयत्नांना ॲबरक्रॉम्बी यांच्या देणग्यांची जोड मिळून १९५४ मध्ये ह्यूस्टन येथे टेक्सास बालरुग्णालय सुरू झाले. वंश, धर्म किंवा पैसे देण्याची ऐपत यांवरून कोणत्याही मुलाला परत पाठवू नये, अशी त्यांची अट होती. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत वर्णभेद कायद्याने आणि रूढीने पाळला जात होता, हे लक्षात घेता या अटीचे महत्त्व कळते. आज हे रुग्णालय अमेरिकेतील सर्वांत मोठ्या बालरुग्णालयांपैकी एक आहे.

ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातील अभियांत्रिकी प्रयोगशाळेची इमारतही त्यांच्या देणगीतून उभी राहिली. १९४८ मध्ये बांधून झालेल्या या इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले होते. ज्या विषयाचे शिक्षण त्यांना स्वतःला मिळाले नाही, त्याच विषयाच्या विद्यार्थ्यांसाठी हे साहाय्य होते.

भारतातील तेलक्षेत्रे आणि उद्रेकरोधक

१९५० च्या दशकात तेल व नैसर्गिक वायू आयोगाची स्थापना झाल्यावर भारतात आधुनिक वेधनाला वेग आला. फेब्रुवारी १९७४ मध्ये सागर सम्राट या वेधनमंचाने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हायचे तेल शोधले. मे १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. या भागात समुद्र फार खोल नसल्याने पाय समुद्रतळावर टेकवून उभ्या राहणाऱ्या मंचांवरून वेधन करता येते. आवरणनळी समुद्रतळापासून मंचापर्यंत वर आणतात आणि उद्रेकरोधक पाण्याच्या वर, माणसाच्या हाताच्या आवाक्यात बसवतात. खोल समुद्रात तरंगत्या जहाजावरून वेधन करताना मात्र तो समुद्रतळावरच बसवावा लागतो.

१९८२ च्या जुलै महिन्यात मुंबई हाय येथे सागर विकास या मंचावर उद्रेक होऊन आग लागली. आंध्र प्रदेशातील पासरलापुडी येथे जानेवारी १९९५ मध्ये वायूच्या विहिरीला आग लागली आणि ती विझवण्यास सुमारे ६५ दिवस लागले. आसाममधील बाघजान येथे २७ मे, २०२० रोजी एका उत्पादक विहिरीवर दुरुस्ती चालू असताना वायू अनावर झाला. त्या वेळी सिमेंटच्या बुचाची खात्री होण्यापूर्वीच उद्रेकरोधक उतरवण्यात आला होता, असे चौकशीत पुढे आले. ९ जून रोजी तेथे आग लागली, दोन अग्निशामक कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला आणि हजारो ग्रामस्थांना घरे सोडावी लागली. १५ नोव्हेंबर रोजी विहीर शांत झाली. २००५ मध्ये मुंबई हाय नॉर्थ मंचावर लागलेल्या भीषण आगीचे कारण मात्र वेगळे होते. जहाजाची धडक बसून वायूची उभी नळी फुटल्याने ती आग लागली होती.

भारतात तेलविहिरी खाणींविषयीच्या कायद्यांच्या कक्षेत येतात. १९८४ च्या आणि त्यानंतर २०१७ च्या तेल खाण विनियमांत उद्रेकरोधक बसवणे आणि त्याची चाचणी घेणे यांविषयी नियम आहेत. देहरादून येथील वेधन तंत्रज्ञान संस्थेत विहीर नियंत्रणाचे शिक्षण दिले जाते. गोव्यातील बेतूल येथे तेलउद्योगातील सुरक्षितता, आरोग्य आणि पर्यावरण या विषयांची प्रशिक्षणसंस्था आहे.

मृत्यू आणि वारसा

७ जानेवारी, १९७५ रोजी ह्यूस्टन येथे वयाच्या ८३ व्या वर्षी ॲबरक्रॉम्बी यांचे निधन झाले. कॅमेरॉन आयर्न वर्क्स १९८९ मध्ये कूपर इंडस्ट्रीज या उद्योगसमूहात विलीन झाली. पुढे कूपर कॅमेरॉन या नावाने ती पुन्हा स्वतंत्र झाली आणि २०१६ मध्ये श्लुंबर्जर या कंपनीने ती विकत घेतली. २००३ मध्ये अमेरिकेतील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने रॅम पद्धतीच्या पहिल्या उद्रेकरोधकाला यंत्र अभियांत्रिकीतील ऐतिहासिक मानचिन्हाचा दर्जा दिला.

२० एप्रिल, २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या वेधनमंचावर उद्रेक होऊन ११ कामगार मृत्युमुखी पडले. समुद्रतळावरील उद्रेकरोधक कॅमेरॉन कंपनीचा होता. विहिरीतील नळी वाकून मध्यरेषेपासून बाजूला सरकल्याने कापणाऱ्या रॅमना ती पूर्णपणे कापता आली नाही, असे तपासात आढळले. त्याआधी तळाशी भरलेल्या सिमेंटने दगा दिला होता आणि दाबाच्या चाचणीचा अर्थ चुकीचा लावला गेला होता. विहीर बंद करण्यास ८७ दिवस लागले. या घटनेनंतर अनेक देशांनी उद्रेकरोधकाची रचना, देखभाल आणि चाचणी यांचे नियम अधिक कडक केले.

ॲबरक्रॉम्बी यांच्या शोधानंतर तेलाची कारंजी हळूहळू दुर्मीळ झाली. जे पूर्वी यशाचे चिन्ह मानले जाई, ते निष्काळजीपणाचे चिन्ह मानले जाऊ लागले. मात्र त्यांचे यंत्र विहिरीची शेवटची राखण आहे. चिखल, सिमेंट आणि आवरणनळी यांची जागा ते घेऊ शकत नाही. ते योग्य जागी पक्के बसवलेले असेल, वेळोवेळी तपासलेले असेल आणि काम संपण्यापूर्वी उतरवलेले नसेल, तरच विहिरीवरील माणसांना त्याचा आधार मिळतो.